कारण आणि पुरावा सांगणारी इंग्रजी वाक्यं: कोणती पक्की करू?

दगडवेडी: भूशास्त्रात एमएस्सी करतेय, शाळा मराठी माध्यमाची. लवकरच आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. कारण सांगायचं म्हटलं की 'बिकॉज', पुरावा द्यायचा म्हटलं की 'अकॉर्डिंग टू', यापलीकडे गाडी जात नाही. कोणत्या वाक्यरचना पक्क्या करू? परीक्षा दिलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी प्लीज सांगा.

माणदेशी: लांबलचक याद्या पाठ करू नकोस, चार-पाच रचना पुरतात. 'बिकॉज'नंतर क्रियापदासकट अख्खं वाक्य येतं, 'बिकॉज ऑफ' आणि 'ड्यू टू'नंतर नुसतं नाम. आमच्या दहिवडीचंच घे: 'दहिवडी गेट्स लिटल रेन बिकॉज द सह्याद्री ब्लॉक्स द मॉन्सून विंड्ज.' किंवा 'द लो रेनफॉल इन दहिवडी इज ड्यू टू द रेन शॅडो ऑफ द सह्याद्री.' 'रिझल्ट इन'च्या आधी कारण येतं, 'रिझल्ट फ्रॉम'च्या आधी परिणाम. इथे खूप जणांची गल्लत होते. आणि 'द रीझन इज बिकॉज' नको, 'द रीझन इज दॅट' लिही.

शिकवणी: +१. पुराव्याबद्दल मी सांगते. 'अकॉर्डिंग टू मी' कधीही लिहू नकोस. स्वतःचं मत असेल तर 'इन माय व्ह्यू'. 'एव्हिडन्स'ला 'एस' लावायचा नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुरावा जेवढा भक्कम, तेवढंच ठाम क्रियापद. 'सजेस्ट्स' सौम्य, 'शोज' ठाम, 'प्रूव्ह्ज' अगदी क्वचित. दोन गोष्टी नुसत्या एकत्र दिसत असतील तर 'कॉजेस' म्हणू नये, 'इज लिंक्ड टू' म्हणावं. विज्ञान शिकणाऱ्यांनी तर हे पाळायलाच हवं. तुझ्या विषयातलं लोणार घेऊन एक वाक्य कर बघू.

दगडवेडी: ताई, हे बघा: 'लोणार वॉज वन्स थॉट टू बी व्होल्कॅनिक. हाउएव्हर, द मॅस्केलिनाइट फाउंड देअर प्रूव्ह्ज दॅट अ मीटिओराइट हिट द बसॉल्ट.'

शिकवणी: छान! 'वॉज वन्स थॉट टू बी' फार आवडलं, जुनं मत आता मागे पडलंय हे त्यातच कळतं. मॅस्केलिनाइट ही काच प्रचंड आघाताच्या दाबानेच तयार होते, त्यामुळे पुरावा भक्कम आहे. तरी 'प्रूव्ह्ज'च्या जागी 'इज स्ट्रॉंग एव्हिडन्स दॅट' घाल.

दगडवेडी: बदलते. आणि लेखनाच्या पेपरात टास्क १ मध्ये आलेख वर का गेला, याचं कारण द्यायचं का?

माणदेशी: अजिबात नाही. अ‍ॅकॅडेमिक प्रकारच्या परीक्षेत टास्क १ मध्ये, किमान १५० शब्दांत, जे दिसतं तेवढंच लिहायचं: 'द ग्राफ शोज', 'अ‍ॅज कॅन बी सीन फ्रॉम द टेबल'. मनाने कारणं जोडायची नाहीत. कारणं टास्क २ मध्ये, तिथे किमान २५० शब्द लागतात आणि प्रश्नातच कारणं व उदाहरणं मागितलेली असतात. त्याला गुणही दुप्पट, तेव्हा सराव तिथेच जास्त कर.

शिकवणी: टास्क २ मध्ये 'स्टडीज शो' म्हणत आकडे रचू नकोस. स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण चालतं, प्रश्नात तसं लिहिलेलंच असतं. एखादा परिच्छेद लिहून इथे टाक, तपासून देते.