लॅपटॉपवर जीसीसी बिल्ड करून जुन्या, नेट नसलेल्या क्लस्टरवर कसा चालवायचा?

चाफा

नमस्कार मंडळी. मी द्रवगतीच्या सिम्युलेशनवर पीएचडी करतेय. आमच्या विभागाचा जो क्लस्टर आहे त्यावर अजून सेंटओएस ७ ही जुनी लिनक्स आहे, म्हणजे जीसीसी हा कंपाइलर ४.८.५ आणि जीलिबसी, म्हणजे प्रोग्रामना लागणारी मूळ सी लायब्ररी, २.१७. माझा कोड सी++१७ मधला, त्याला सरांचा जुना फोरट्रानचा सॉल्व्हर जोडलेला, आणि ४.८.५ ला सी++१७ कळतच नाही. रूट नाही, क्लस्टरला नेट नाही, जे न्यायचं ते पेनड्राइव्हवर नाहीतर विभागातल्या एका मशीनवरून एससीपीने. ओएस बदलायचं नाव काढता येत नाही कारण लोकांचे रन महिनोन्‌महिने चालू असतात आणि त्यांचंही बरोबरच आहे.

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे. त्यावर जीसीसी १३.२ सोर्समधून बिल्ड केला, इथे मस्त चालतो. फोल्डर तसंच तिकडे नेलं तर पहिल्याच कमांडला "जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड" म्हणून थांबतो. मला सी, सी++ आणि फोरट्रान तिन्ही हवेत आणि ते सगळं माझ्या होम डिरेक्टरीत कुठेही ठेवलं तरी चाललं पाहिजे. यालाच क्रॉस कंपाइलर म्हणतात का? कुठून सुरुवात करू?

शेवटचा_बाक

सोप्पंय की. उबुंटूवरची लिबसीची, म्हणजे जीलिबसीची मुख्य, फाइल उचल, क्लस्टरवर एका फोल्डरमधे टाक आणि एलडी_लायब्ररी_पाथ, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारा व्हेरिएबल, त्या फोल्डरकडे वळव. त्याला २.३४ हवंय ना, मग देऊन टाक.

माळरान

नको नको, चाफाताई, हे अजिबात करू नका. लिबसी आणि तिचा लोडर, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणारी एलडी-लिनक्स नावाची फाइल, या दोघी एकाच बिल्डमधल्या असाव्या लागतात. प्रत्येक बायनरीत लोडरचा पत्ता आधीच कोरलेला असतो, त्यामुळे लोडर उठतो तो जुना २.१७ चा आणि त्याच्या हातात तुम्ही देताय २.३५ ची लिबसी. शिवाय तो व्हेरिएबल एक्स्पोर्ट केला की त्याच टर्मिनलमधे एलएस, सीपी, मेक, सगळंच कोसळायला लागतं आणि मग माणूस घाबरून अ‍ॅडमिनकडे धावतो. क्लस्टर सांभाळणं हेच माझं काम आहे, नव्याने आलेली मुलं हे हमखास करतात म्हणून कळकळीने सांगतोय.

आता मूळ मुद्दा. जीलिबसी जुन्यावरून नव्याकडे चालते, नव्यावरून जुन्याकडे नाही. २.१७ वर लिंक केलेली बायनरी २.३५ वर आरामात चालेल, उलटं नाही. २.३४ मधे, म्हणजे २०२१ साली, पीथ्रेडची लायब्ररी मुख्य लिबसीमधे आणली आणि त्याच वेळी प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवीन व्हर्जनचा शिक्का बसला. म्हणून उबुंटू २२.०४ वर बनवलेला साधा हॅलो वर्ल्डसुद्धा २.३४ मागतो, तुमचा जीसीसी तर मागणारच. पडताळून बघा, ऑब्जडंपला टी कॅपिटलचा पर्याय देऊन सीसी१प्लस या जीसीसीच्या सी++ कंपाइलरच्या फाइलवर चालवा आणि ग्रेपने जीलिबसी शोधा, मेनला उठवणाऱ्या त्या ओळीसमोर २.३४ लिहिलेलं दिसेल. तेव्हा लॅपटॉप बदलायची गरज नाही, पण बिल्ड जुन्या जीलिबसीच्या आत करायचा, कंटेनरमधे, म्हणजे लॅपटॉपवरच उभ्या केलेल्या वेगळ्या, जुन्या लिनक्समधे.

रात्रपाळी

माळरान दादांनी अगदी मुळाला हात घातला. मी एम्बेडेडवाला आहे, माझी रोजीरोटी टूलचेनवरच, म्हणजे कंपाइलर आणि त्याच्या सोबतच्या साधनांवरच, चालते, तर थोडं सविस्तर लिहितो, लांबेल, चालवून घ्या.

आधी तुमचा क्रॉसचा प्रश्न. जीसीसी बिल्ड करताना तीन मशीन डोक्यात धरायच्या : बिल्ड म्हणजे जिथे कंपाइलर तयार होतो, होस्ट म्हणजे जिथे तो चालणार, आणि टारगेट म्हणजे त्याने काढलेला कोड जिथे चालणार. तिन्ही एकच असतील तर नेटिव्ह, टारगेट वेगळं असेल तर क्रॉस, आणि तिन्ही वेगवेगळ्या असतील तर त्याला कॅनेडियन क्रॉस म्हणतात, उदाहरणार्थ लिनक्सवर बसून विंडोजवर चालणारा आणि आर्मचा कोड काढणारा कंपाइलर. तुमच्याकडे तिन्ही ठिकाणी एक्स८६-६४ लिनक्सच आहे, फरक आहे तो फक्त लिबसीच्या वयाचा, म्हणजे कॉन्फिगरच्या नजरेने तुमचं काम नेटिव्हच. क्रॉसटूल-एनजीनेही होतं, त्यात जीलिबसीचं व्हर्जन निवडता येतं आणि टूलचेन स्टॅटिक बांधायचा पर्याय आहे, पण एवढ्यासाठी तो मेनू शिकत बसू नका.

मी असं करेन. लॅपटॉपवर कंटेनर चालवणारा डॉकर टाका आणि पायथनवाल्यांची मेनीलिनक्स२०१४ ही इमेज घ्या. ती सेंटओएस ७ वरच उभी आहे, जीलिबसी २.१७, आणि आत जीसीसी १० तयार मिळतो त्यामुळे १३ बिल्ड करायला अडचण नाही. साधी सेंटओएस ७ ची इमेज घेतली तर यम, म्हणजे तिथला पॅकेज उतरवणारा प्रोग्राम, चालणार नाही, कारण ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा सपोर्ट संपला आणि जुने मिरर बंद झाले, मग व्हॉल्टचा, म्हणजे जुन्या पॅकेजच्या साठ्याचा, पत्ता हाताने घालत बसावं लागतं.

सोर्स उलगडला की काँट्रिब फोल्डरमधली डाउनलोड-प्रीरिक्विझिट्स ही स्क्रिप्ट चालवा, ती जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या जीसीसीला लागणाऱ्या गणिताच्या लायब्ररी सोर्सच्या आतच आणून ठेवते. हे तिघं आतूनच बिल्ड होऊ द्या, बाहेर वेगळे करू नका. जीएमपी वेगळा बिल्ड केला तर तो तुमच्या लॅपटॉपचा सीपीयू ओळखून त्याच्या खास सूचना वापरतो आणि क्लस्टरच्या जुन्या सीपीयूवर कंपाइलर स्वतःच "इलीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून मरतो, आणि हे कारण शोधता शोधता माणूस रडकुंडीला येतो. आतून बिल्ड झाला तर जीसीसी त्याला असेंब्ली न वापरता साधा बांधायला लावतो.

सोर्सच्या बाहेर वेगळं रिकामं फोल्डर करून तिथून कॉन्फिगर चालवायचं. लँग्वेजेसमधे सी, सी++, फोरट्रान. डिसेबल-मल्टिलिब द्याच, नाहीतर ३२ बिटच्या हेडरसाठी स्टब्ज-३२ ची फाइल सापडत नाही म्हणून अर्ध्या वाटेत थांबेल. आणि विदाउट-झेडएसटीडी द्या, हे बरेच जण विसरतात. बिल्डच्या वेळी झेडस्टँडर्डची, म्हणजे डेटा दाबून लहान करणारी, लायब्ररी दिसली की जीसीसी ती न विचारता एलटीओसाठी, म्हणजे लिंक करताना होणाऱ्या ऑप्टिमायझेशनसाठी, लिंक करून घेतो, आणि दुसऱ्या मशीनवर ती नसली की सीसी१प्लस उठत नाही.

बिनयुटिल्स, म्हणजे असेंबलर, लिंकर वगैरे साधनं, नवीन घ्या आणि जीसीसीच्या आधी त्याच प्रीफिक्समधे, म्हणजे इन्स्टॉलच्या फोल्डरमधे, इन्स्टॉल करा, कारण जीसीसी ११ पासून डीबगची माहिती ड्वार्फ ५ या स्वरूपात लिहिली जाते आणि सेंटओएस ७ च्या जुन्या साधनांना ती नीट वाचता येत नाही. क्लस्टरवर जुनाच जीडीबी हा डीबगर वापरणार असाल तर तुमच्या मेकफाइलमधे जीड्वार्फ-४ घाला.

आता कुठेही ठेवता येण्याचं. जीसीसीला हे मुळातच जमतं. तो प्रीफिक्सवर अडून बसत नाही, स्वतःची बायनरी कुठे आहे ते बघतो आणि तिथून वर जाऊन लिबएक्झेक आणि लिब शोधतो. फक्त कॉन्फिगरला विथ-एएस आणि विथ-एलडी देऊ नका, ते पत्ते पक्के कोरले जातात आणि मग फोल्डर हलवलं की असेंबलर सापडत नाही. मेक इन्स्टॉल-स्ट्रिप वापरा, एकट्या सीसी१प्लसचाच आकार शेकडो एमबीवरून तीसचाळीसवर येतो आणि तुमच्या होमचा कोटा वाचतो.

शेवटी पेनड्राइव्ह. त्यावर फोल्डर उघडं कॉपी करू नका, फॅट३२ वर सिमलिंक टिकत नाहीत आणि एक्झिक्यूटचा परवानाही जातो. टार.एक्सझेड करा आणि क्लस्टरवरच उलगडा. नेण्याआधी घरीच तपासा : नवा कोरा सेंटओएस ७ चा कंटेनर, नेटवर्क बंद, टार वेगळ्याच नावाच्या डिरेक्टरीत उलगडायचा. फक्त एक गोष्ट, कोऱ्या इमेजमधे जीलिबसीचे हेडर नसतात, त्यांचा आरपीएम, म्हणजे पॅकेजची फाइल, आणि कर्नल हेडरचा आरपीएम आधी उतरवून आत टाका, क्लस्टरवर ४.८.५ चालतोय म्हणजे तिथे ते आहेतच. तिथे तिन्ही भाषांमधला एकेक छोटा प्रोग्राम कंपाइल झाला आणि चालला, की मगच निघा. कुठे अडलं तर स्ट्रेस (strace) या साधनाने बघा तो कोणत्या पत्त्यावर फाइल शोधतोय, जुना प्रीफिक्स दिसला की चोर सापडला.

दूरदेशी

म्युनिकहून लिहितोय, इथल्या लॅबमधेही अशीच मशीन आहेत. नुसता सी++ असता तर म्हटलं असतं झिग ही भाषा घ्या, तिचा झिग-सीसी एका टारमधे येतो, आत क्लँग हा कंपाइलर असतो, आणि टारगेटच्या पुढे जीएनयू.२.१७ लिहिलं की थेट त्या जीलिबसीसाठी बायनरी काढून देतो. पण फोरट्रान त्यात नाही, त्यामुळे चाफाला उपयोग नाही.

बिल्ड करायचाच नसेल तर काँडा-फोर्ज या तयार पॅकेजच्या साठ्यातले कंपाइलर बघ. त्यात सी++ आणि जीफोरट्रान दोन्ही आहेत, सिसरूटचं, म्हणजे जीलिबसीच्या हेडर आणि लायब्ररींचं, पॅकेज २.१७ चं मागता येतं, आणि काँडा-पॅकने सगळं एन्व्हायरन्मेंट टार करून नेट नसलेल्या मशीनवर उलगडता येतं. तिथे काँडा-अनपॅक एकदा चालवावं लागतं, पत्ते दुरुस्त करायला. मला विचारशील तर रात्रपाळींचा मार्गच जास्त आवडतो, कारण पुढे दोन वर्षांनी थीसिससाठी तेच आकडे परत काढायची वेळ आली तर कशाने बिल्ड केलं ते तुझ्या स्वतःच्या स्क्रिप्टमधे लिहिलेलं असेल.

माळरान

दूरदेशींच्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन, ती स्क्रिप्ट कोडसोबतच गिटमधे ठेवा.

एक भर घालतो. कंपाइलर चालला म्हणजे त्याने काढलेला प्रोग्राम चालेलच असं नाही. सेंटओएस ७ ची लिबस्टडसी++, म्हणजे सी++ ची मूळ लायब्ररी, जीएलआयबीसीएक्सएक्स या तिच्या व्हर्जनच्या शिक्क्यात ३.४.१९ पर्यंतच जाते, १३.२ चा कोड ३.४.३२ पर्यंत मागतो. जीफोरट्रानची लायब्ररी तर तिथे .३ आहे आणि तुम्हाला .५ लागेल. लिंक करताना आरपाथमधे, म्हणजे लायब्ररी शोधायला बायनरीतच कोरल्या जाणाऱ्या पत्त्यात, तुमच्या टूलचेनच्या लिब६४ चा पत्ता द्या, होम क्लस्टरच्या सगळ्या नोडवर, म्हणजे मशीनवर, दिसतं त्यामुळे पुरतं. दर जॉबस्क्रिप्टमधे एलडी_लायब्ररी_पाथ लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

चाफा

झालं! मेनीलिनक्सच्या कंटेनरमधे बिल्ड लागला, कोऱ्या कंटेनरमधे तपासला, क्लस्टरवर उलगडला आणि जीसीसी १३.२ उठला. सगळ्यांचे मनापासून आभार, विभागातल्या दोघांना मी आत्ताच टार दिलाय.

पण दोन ठिकाणी अडलेय. एक म्हणजे सरांच्या फोरट्रानमधे यूज एमपीआय आहे (एमपीआय म्हणजे नोडना एकमेकांशी बोलायला लागणारी लायब्ररी), तिथे "कॅनॉट रीड मॉड्यूल फाइल एमपीआय.मॉड" येतं, वेगळ्या व्हर्जनच्या जीएनयू फोरट्रानने बनवलीय म्हणून. दुसरं म्हणजे क्लस्टरवर आधीच ठेवलेल्या बूस्ट या सी++ लायब्ररीशी लिंक करताना सीएक्सएक्स११ असं काहीतरी नाव असलेले स्ट्रिंगचे शेकडो अनडिफाइन्ड रेफरन्स येतात.

रात्रपाळी

दोन्हीचं मूळ एकच, तिथल्या लायब्ररी ४.८.५ ने बनलेल्या आहेत.

मॉड फाइल जीफोरट्रानच्या व्हर्जनला बांधलेली असते, जुनी नव्याला वाचता येत नाही, त्याला इलाज नाही. ओपनएमपीआय, म्हणजे तुमचं एमपीआय, तुमच्या नव्या कंपाइलरने परत बिल्ड करा, होममधेच, पण तुमच्या इंटरकनेक्टची, म्हणजे नोड जोडणाऱ्या वेगवान नेटवर्कची, लायब्ररी कॉन्फिगरला दाखवायला विसरू नका नाहीतर सगळं इथरनेटवरून रांगत जाईल. तातडी असेल तर यूज एमपीआय काढून एमपीआयएफ.एच इन्क्लूड करा, ती साधी टेक्स्ट फाइल असल्यामुळे चालते.

बूस्टचं असं की जीसीसी ५ मधे, २०१५ साली, स्ट्रिंग आणि लिस्टची आतली रचना बदलली. तुमचा सगळा सी++ कोड जीएलआयबीसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स११_एबीआय हा मॅक्रो शून्य करून कंपाइल केलात तर जुन्या बूस्टशी जुळेल. पण मी तुमच्या जागी असतो तर बूस्टसुद्धा नव्याने बिल्ड केलं असतं, निम्मं जुनं निम्मं नवं ठेवलं की पुढे कुठली लायब्ररी कशाने बनलीय ते शोधण्यातच दिवस जातात.

चाफा

दोन्ही परत बिल्ड केलं, लिंक झालं, छोटी केस पूर्ण पळाली आणि आकडे सरांच्या जुन्या निकालाशी जुळले. आता मोठी केस टाकली तर काही नोडवर व्यवस्थित चालते आणि काहींवर सुरू होताच "इलीगल इन्स्ट्रक्शन". जीएमपी तर आतूनच बिल्ड केला होता.

माळरान

कंपाइलरचा दोष नाही हा. मेकफाइलमधे मार्च=नेटिव्ह (-march=native), म्हणजे कोणत्या सीपीयूसाठी कोड काढायचा ते सांगणारा फ्लॅग, आहे का बघा. असेल तर तो लॉगिन नोडचा सीपीयू पाहून कोड काढतो. क्लस्टर टप्प्याटप्प्याने वाढलेले असतात, लॉगिन नोड इंटेलच्या हॅसवेल पिढीचा किंवा त्याच्या पुढचा आणि मागच्या रॅकमधले नोड जुन्या सँडीब्रिज पिढीचे असतील, तर त्यांना एव्हीएक्स२ च्या सूचना कळत नाहीत आणि ते तिथेच मरतात. जॉब टाकून प्रत्येक प्रकारच्या नोडवर एलएससीपीयू चालवा, सगळ्यात जुना कोणता ते बघा आणि त्याचंच नाव मार्चला द्या. ओपनएमपीआय आणि बूस्ट बिल्ड करताना तोच फ्लॅग एन्व्हायरन्मेंटमधे होता का तेही तपासा, असेल तर तेही परत. वेग अगदीच कमी पडला तर नव्या नोडसाठी वेगळी बायनरी काढा आणि क्यूमधे तेच नोड मागा.

चाफा

नेटिव्हच होतं, आणि मागच्या रॅकमधे सँडीब्रिजच निघाले. मार्च=सँडीब्रिज देऊन सगळं परत लावलंय, मोठी केस रात्रीच्या क्यूमधे टाकलीय. बिल्डची स्क्रिप्ट नीट करून उद्या इथेच खाली टाकते, अजून दोन विभागांनी मागितलीय.