शब्दचर्चा : समुद्रातलं ‘सहजीवन’ आणि प्रवाळांचं ‘विरंजन’

कर्वेनगरकर :
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी समुद्री जीवांवर फलक करतोय. वाचणारी मुलं सातवी-आठवीची. सिम्बायोसिससाठी, म्हणजे वेगवेगळ्या जीवांच्या एकत्र राहण्यासाठी, ‘सहजीवन’ लिहिलं, तर आमच्या एक बाई म्हणाल्या, हे लग्नपत्रिकेतलं वाटतं, ‘परस्पर सहकार्य’ करा. दुसरी अडचण ब्लीचिंगची, म्हणजे प्रवाळ या समुद्री प्राण्यांचा रंग उडतो त्याची. पेपरात ‘विरंजन’ छापतात, पण मुलांना विरंजक चूर्ण म्हणजे टाकीत टाकायची पावडर एवढंच ठाऊक. काय लिहू?

पेठेतला :
पुण्यात सिम्बायोसिस म्हणजे सेनापती बापट रस्त्यावरचं कॉलेज. भाषांतर हवंय कशाला?

शैवाक :
पेठेतून याहून वेगळं उत्तर येणार नव्हतंच.

‘सहजीवन’ ठेवा. ‘सहकार्य’ नको, कारण ते निम्मंच खरं आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी याने 1879 मध्ये हा शब्द रूढ केला तो एवढ्याच अर्थाने : वेगवेगळ्या जातींच्या जीवांनी एकत्र राहणं. फायदा कोणाचा, हा प्रश्न त्यात नव्हता. परजीवीसुद्धा त्याच्या हिशेबात सहजीवीच. त्याचं आवडतं उदाहरण शैवाकाचं, म्हणजे गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीचं. प्रदर्शनात समुद्र आणता येणार नाही, पण दगडफूल मंडईत मिळतं. वरून राखाडी, खालून काळं. भिजवून ब्लेडने आडवं कापा आणि भिंग द्या. माल फार जुना नसेल तर वरच्या सालीच्या लगेच खाली बारीक हिरवट रेघ दिसते. ते शैवाल, बाकी सगळी बुरशी.

आता प्रवाळ. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, प्रकाशसंश्लेषण करतं आणि प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी 90 टक्क्यांपर्यंत भागवतं. बदल्यात त्याला निवारा, कार्बन डायऑक्साइड आणि प्रवाळाच्या टाकाऊतला नायट्रोजन. इथवर ‘सहकार्य’ चालून जाईल. पण पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा जेमतेम एका अंशाने जास्त तापलं आणि महिनाभर तसंच राहिलं, की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, ऑक्सिजनचे घातक रेणू साचतात आणि शैवाल प्रवाळाबाहेर पडतं. त्याच्याही आधी एक गोष्ट होते, आणि तुमच्या शब्दासाठी मला तीच महत्त्वाची वाटते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की तापलेल्या पाण्यात शैवाल जास्त अन्न स्वतःकडे ठेवतं आणि प्रवाळाच्या वाट्याला कमी येतं. म्हणजे तीच जोडी, तेच घर, पण कल परजीवितेकडे. याला सहकार्य कसं म्हणणार? ‘सहजीवन’ हा शब्द दोन्ही अवस्था पेलतो.

डेक्कनच्या काकू :
तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून बोलते. लग्नातलं सहजीवन तरी कुठे कायम सहकार्याचं असतं? तेव्हा शब्द योग्यच आहे, बाईंना सांगा. परजीवीसाठी ‘बांडगूळ’ मात्र सरसकट वापरू नका. आंब्यावरचं बांडगूळ पाणी झाडाचं चोरतं, पण पानं हिरवी असल्यामुळे अन्न थोडंफार स्वतःही करतं. शिवी म्हणून ठीक, फलकावर घोटाळा.

‘विरंजन’ मलाही खटकतं. वाचलं की वाटतं, बाहेरून कोणी काही ओतलं. इथे तर रंगीत भाडेकरूच निघून गेला. सरळ ‘पांढरं पडणं’ म्हणा. माणूस भीतीने पांढराफटक पडतो, तसं मुलांना लगेच कळेल.

शैवाक :
‘पांढरं पडणं’ उत्तम, काकू. शिवाय त्यात जीव आहे हे राहतं. पांढरा प्रवाळ मेलेला नसतो. त्याचं मांस पारदर्शक असल्यामुळे आतला चुनखडीचा सांगाडा दिसायला लागतो, इतकंच. काही आठवड्यांत पाणी निवलं तर शैवाल पुन्हा वाढतं. नाहीतर उपासमार. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010, 2016 आणि 2024 असं चारदा मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलंय, आणि प्रवाळांच्या भित्ती सावरायला दहा-एक वर्षं सहज लागतात. फलकावर आकडा हवा असेल तर आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा घ्या : 1950 ते 2020 या काळात हिंदी महासागर शतकाला 1.2 अंश सेल्सिअस या गतीने तापला.

कर्वेनगरकर :
मग असं लिहितो : ‘पाणी तापलं की प्रवाळ आणि शैवाल यांचं सहजीवन मोडतं आणि पोवळी पांढरी पडतात.’ चालेल?

शैवाक :
वाक्य छान, फक्त ‘पोवळी’ काढा, ‘प्रवाळ’ ठेवा. नाहीतर एखादी मुलगी आजीची अंगठी घेऊन येईल. दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या पाण्यात वाढणारं. त्याच्यात हे शैवाल नसतंच आणि लाली थेट सांगाड्यात असते. समुद्र तापला की त्यालाही त्रास होतो, मरतंही, पण पांढरं पडण्याची ही गोष्ट त्याची नव्हे.

पेठेतला :
लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफांना कळवतो.