अनुभव धागा: जुना कॉम्प्युटर दुरुस्त केलात, वाढवलात की बदललात?

पारिजातक
पाडव्याआधी माळा आवरताना बाबांच्या फायलीत एक पावती सापडली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, जून २००६. सेलेरॉन प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, ८० जीबी हार्ड डिस्क, १७ इंची डबा मॉनिटर. पतसंस्थेचं कर्ज काढून मला घेऊन दिलेला कॉम्प्युटर. पावती हातात धरून माळ्यावरच बसले बराच वेळ.

२००९ च्या मे महिन्यात तो दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद व्हायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला मदरबोर्ड गेला, नवाच घ्या. माझं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट त्यातच. बाबा एसटीत मेकॅनिक. म्हणाले, "इंजिन तापलं म्हणून कोणी गाडी भंगारात काढत नाही, आधी रेडिएटर बघतात." रविवारी ओसरीवर पेपर पसरून सीपीयू उघडला. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीची गादी बसलेली, हवेला वाटच नाही. रंगाच्या ब्रशने ती काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. पुढे पाच वर्षं चालला. एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचे अपडेट थांबले तेव्हा काढला.

आता माझा लॅपटॉप. २०१५ चा, आय-फाइव्ह पाचव्या पिढीचा, ४ जीबी रॅम. सुरू व्हायला पाच मिनिटं. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, ११ साठी इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. लेक नववीत आहे. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. तुम्ही काय केलंत, का केलंत, लिहा.

कोकणवारा
एसएसडी टाका, फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. बाकी काही विचार करू नका. माझा २०१४ चा आहे, हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी लावली, चार मिनिटांचं वीस सेकंदांवर आलं. जेवण वाढलंय, नंतर लिहितो

निळीशाई
बाबांचं रेडिएटरचं वाक्य वाचून डोळे भरले ताई.

आमच्याकडे उलटं झालं. डिस्कमधून टक... टक... असा आवाज यायचा. मी म्हटलं चालतोय तोवर चालू दे, दिवाळीला नवा घेऊ. गणपतीतच गेली. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, मोबाईलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर टाकलेल्या आणि मोबाईलवरून पुसलेल्या. डेटा काढून देणाऱ्याने डिस्क उघडून सांगितलं, तबकडीवर ओरखडे आहेत, काही निघणार नाही. आजी २०१८ ला गेली.

दुरुस्त करा की नवा घ्या, त्याआधी आज रात्री सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. कृपा करून.

पारिजातक
निळीशाई, काय बोलू. आजच करते.

छापखाना
लग्नपत्रिका, हँडबिलं, अहवाल. इचलकरंजी. आमचा मुख्य कॉम्प्युटर अजून एक्सपीवर आहे आणि तो मी बदलणार नाही.

कारण सांगतो. वीस वर्षांच्या फायली पेजमेकर ७ मध्ये, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये. ती आवृत्ती २००१ ची, त्यानंतर नवी आलीच नाही. फॉन्ट युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीचे, आणि त्या फॉन्टचं सॉफ्टवेअर चालतं ते मागे लावलेल्या डाँगलवर, किल्लीसारखा तुकडा असतो तो. तो डाँगल प्रिंटरच्या जुन्या पोर्टचा, २५ पिनांचा. नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. २०१७ ला मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले, डोक्यावर पोळीसारखे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी सहा बदलून दिले, त्याच व्होल्टेजचे आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचे. तेव्हापासून तोच मदरबोर्ड जुन्या बाजारातून आणखी एक आणून ठेवलाय. दोन एसएमपीएस (आतले वीज पुरवणारे डबे) पण.

मात्र त्याला इंटरनेट नाही. अजिबात नाही. पेन ड्राइव्हसुद्धा आधी दुसऱ्या मशीनवर तपासून. जुनं वापरायचं तर हे पाळावंच लागतं.

सांजदिवा
लॅमिंग्टन रोड म्हटलं की ग्रँट रोड स्टेशनच्या बाहेरचा वडापाव आठवतो आणि दादाच्या मांडीवर तो मॉनिटर, टॅक्सीत. आम्ही तीन भावंडं मागे दाटीवाटीने. घरी आल्यावर आईने हळदीकुंकू लावलं, मग बटण दाबलं.

खडूफळा
जि. प. शाळा. सहा मशीन मिळाल्या होत्या २०१० साली, कोअर टू ड्युओ, २ जीबी. २०२१ पर्यंत चार बंद. दोन तर फक्त रॅममुळे बंद होत्या, चालू केल्या की बीप बीप. रॅम काढून पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने पुसले, परत घट्ट बसवल्या, सुरू. एकीचं घड्याळ दरवेळी मागे जायचं आणि एकही वेबसाईट उघडायची नाही, कारण तारीख चुकली की ब्राउझर साईटचं प्रमाणपत्रच मानत नाही. सीआर-२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल, ३ व्होल्टचा, घड्याळजीकडे मिळाला.

मग सगळ्यांवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकलं, हलकं वालं. मुलं इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टंकतात. यू-डायसची, म्हणजे शाळेची सरकारी माहिती ब्राउझरमधून भरतो. प्रिंटर मात्र दोन रविवार खाऊन गेला.

सहावीतली एक मुलगी आता स्वतः रॅम काढून लावते. ज्या मशीन आम्ही कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकून ठेवल्या होत्या त्याच या.

सांजदिवा
खडूफळा सर, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या!

ओलीमाती
पारिजातक, रॅम घेताना जपून. तुमच्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. मी साधी डीडीआर३ आणली, दिसायला तीच, खाचही तीच, पण ती १.५ व्होल्टची. स्क्रीन काळी. दुकानदाराने परत घेतली नाही. मागचं झाकण उघडून आतल्या पट्टीवरचं नीट वाचा, फोटो काढूनच दुकानात जा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाख देऊन बसवलेली असते, तिथे वाढवायचा प्रश्नच मिटला.

आणि डेटा सेंटरांची मागणी वाढल्यापासून नव्या रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे नवा लॅपटॉपही महाग पडतो. जुनी रॅम सुट्टी मिळते अजून.

कोकणवारा
जेवण झालं. देवगडला ऑक्टोबरच्या विजा काय असतात ते इथल्यांनाच माहीत. आमची पहिली मशीन विजेच्या तारेतून नाही, टेलिफोनच्या तारेतून गेली. प्लग काढला होता, मॉडेमची वायर राहिली. आता ढग दाटले की घरातलं लहान पोरसुद्धा दोन्ही वायरी काढतं. दुसरी मशीन पालीने घालवली, उबेला एसएमपीएसमध्ये शिरली बिचारी.

कलमं यंदा उशिरा मोहरलीत, कोणी विचारू नका एवढ्यात :)

पारिजातक
विचारणारच होते! दोन पेट्या आमच्या धरा.

कालवाकाठ
मी नेदरलँड्समध्ये असते. इथे गावोगावी रिपेअर कॅफे भरतात, पहिला २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये भरला होता. शनिवारी सभागृहात टेबलं मांडतात, निवृत्त माणसं पान्हे-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतात, तुम्ही वस्तू घेऊन जायचं आणि शेजारी बसून दुरुस्त करायची. माझ्या लॅपटॉपची बिजागरी तुटली होती, कंपनीच्या केंद्रात सांगितलं अख्खं वरचं झाकण बदला. कॅफेतल्या आजोबांनी प्लास्टिकमधून निघालेल्या पितळी नट इपॉक्सीने (पक्क्या डिंकाने) परत बसवले, रात्रभर चिमट्यात ठेवायला सांगितलं. दोन वर्षं झाली. ते आजोबा मला पारिजातकच्या बाबांसारखेच वाटले.

ओलीमाती
एक राहिलंच. बॅटरी फुगली असेल तर (ट्रॅकपॅड वर येतो, खालचं झाकण फाकतं) एक दिवसही वापरू नका. टोचू नका, दाबू नका, कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. माझ्या भावाने "थोडीशीच फुगलीय" म्हणत उशीवर ठेवून महिना काढला, मला अजून झोप उडते ते आठवून.

मोडीलिपी
मी बदलला. सगळे दुरुस्तीचं सांगताहेत म्हणून मुद्दाम लिहितेय. नवऱ्याचं काम घरून, दिवसभर मीटिंगा, मशीन दर आठवड्याला दुकानात. वर्षभरात आधी चार्जिंगचं पोर्ट, मग कीबोर्ड, मग डिस्प्लेची पट्टी, प्रत्येक वेळी "एवढंच करू". बेरीज केली तेव्हा जवळपास एका जुन्या, चांगल्या लॅपटॉपची किंमत झाली होती. मग कंपन्यांमधून परत आलेला २०१८ चा घेतला, आठव्या पिढीचा, रॅम बसवायच्या दोन जागा असलेला, विंडोज ११ चालतं. घेण्याआधी दुकानातच बॅटरीचा रिपोर्ट काढून बघितला, सगळी पोर्टं पेन ड्राइव्ह लावून तपासली. एक भाग बिघडला तर दुरुस्ती, एकामागून एक बिघडायला लागले की थांबायचं, असं मी आता ठरवलंय.

पारिजातक
मोडीलिपी, बरं झालं लिहिलंत.

रात्री सगळं एक्स्टर्नलवर उतरवलं, साडेतीन तास. मग डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, पिवळं दाखवतंय, डिस्कवरचे खराब कप्पे (सेक्टर) बदलल्याचा आकडा १३६. म्हणजे पाच मिनिटं लागत होती ती उगाच नाही. बाकी कीबोर्ड, स्क्रीन, बिजागरी ठणठणीत. झाकण उघडून बघितलं, पट्टीवर पीसी३एल, म्हणजे डीडीआर३एलच, लिहिलंय आणि रॅम बसवायची एक जागा रिकामी आहे. एसएसडी आणि आणखी ४ जीबी, एवढंच करतेय. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर विंडोज १० चे सुरक्षा अपडेट पैसे न देता १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळताहेत, ते घेतले. पुढे मिंट. लेकीला म्हटलं, स्क्रू तू काढायचेस. तिने बाबांचाच ब्रश शोधून आणला.

निळीशाई
छान केलंत. छापखाना दादा, एक विचारू? विषय वेगळा आहे. सासऱ्यांच्या कविता जुन्या शिवाजी फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत, सीडीवर. नव्या कॉम्प्युटरवर सगळी इंग्रजी अक्षरं दिसतात. वाचतील का?

छापखाना
वाचतील ताई. फाईल बिघडलेली नाही, फक्त फॉन्ट नाही म्हणून तशी दिसते. कन्व्हर्टरने युनिकोड होतं, पण रफार आणि जोडाक्षरं घसरतात, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते. ओळ न् ओळ वाचावीच लागते. त्यांच्या हातची वही असेल तर शेजारी ठेवा. सीडीवरची फाईल पाठवा मला, मी बसतो एका रविवारी. पैशाचं काढू नका.