'केअरगिव्हर'ला वऱ्हाडात काय म्हणतात?

वावरवाला: दर्यापूरकडच्या गावांसाठी मानसिक आजारावरचं पत्रक करतोय. 'केअरगिव्हर'साठी कुणीतरी 'काळजीवाहू' दिलाय. पारावर वाचून दाखवलं, तर एक आजोबा म्हणाले, "मंग मुख्यमंत्री कोन हाय बाप्पा?" पेपरांनी तो शब्द नवं सरकार येईपर्यंतच्या मंडळींना देऊन टाकलाय. इकडे राजीनाम्याची सोयच नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्या तशी साधी आहे: रुग्णासोबत राहून त्याचा सांभाळ करणारी व्यक्ती, नात्यातली किंवा बाहेरची, बिनपगारी किंवा पगारी. शब्द सुचवा.

खडूफळा: 'परिचारक'? मूळ अर्थ भोवती फिरणारा. 'शुश्रूषा' म्हणजे मुळात ऐकायची इच्छा, सेवा हा अर्थ मागून आला. दोन्ही नेमके, पण दवाखान्याचा वास येतो.

पऱ्हाटी: आमच्याकडे नाम नाहीच, क्रियापद आहे. 'करनं'. "सासूचं तिनंच केलं." अर्धांगाच्या सासूचं केलं की गाव सुनेला नावाजतं. माझ्या मावशीनं पोराचं १९ वर्षं केलं, तिला कुणी नावाजलं नाही. गोळ्यांचं पाकीट तुरीच्या डाळीच्या डब्यात. नागपूरच्या मनोरुग्णालयात जायचं तर एसटीत सांगायची, "डोये दाखवाले चालली." लोक त्या जागेला अजून पागलखानाच म्हणतात ना. पोरीला पाहायला पाहुणे येणार म्हणून पोराला मामाकडे धाडलं, तरी "घराण्यात हाय" ही कुजबुज पाहुण्यांच्या आधीच पोचली होती.

वावरवाला: मग 'करणारी' चालेल?

पऱ्हाटी: अजिबात नको! गावात 'करणारी' म्हणजे करणी करणारी. मावशीनं तेही ऐकलंय, "मायनंच काई केलं असन." जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा, पण गावाच्या तोंडाला कुलूप कोण लावणार?

खडूफळा: हे भारी आहे. 'त्याचं केलं' ही सेवा, 'त्याच्यावर केलं' ही करणी. सगळा न्याय विभक्तीच्या हातात! नाम करायला गेलात की ती विभक्ती गळते आणि आळ उरतो. क्रियापदच ठेवा.

वावरवाला: पटलं. पहिली ओळ अशी करतो: "घरच्या मानसाचं करता करता तुमाले सोताले झोप लागते का?" खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६. मावशींना वाचून दाखवाल?

पऱ्हाटी: दाखवलं. म्हणाली, "झोपीचं मंग पाहू. पयले इचारा, तुमच्या घरी कोनी बसाले येते का."