"पोपटासारखा बोलेल" म्हणे!

अर्धविराम:
काल खडूसकाकांनी लिहिलं, "जिवंत सापडलेला अतिरेकी म्हणजे माहितीची खाण. पाण्यात बुडवा, आठवडाभर झोपू देऊ नका, पोपटासारखा बोलेल. हजार जीव वाचणार असतील तर एकाच्या किंकाळ्यांचं काय कौतुक?" त्याखाली टाळ्यांचा पाऊस. चार ओळींत उत्तर देणार होतो, पण डोकं फिरलंय, म्हणून हा धागा.

काका, पोपटासारखा बोलतो हे मान्यच. पोपट शिकवलेलंच बोलतो. अल-लिबी या पकडलेल्या अल कायदाच्या संशयिताला अमेरिकेने इजिप्तच्या हवाली केलं. तिथे तो बोलला, की इराकने अल कायदाला रासायनिक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी तेच संयुक्त राष्ट्रांत वाचून दाखवलं आणि पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू. 2004 मध्ये लिबीने जबाब फिरवला: मार थांबावा म्हणून त्यांना हवं ते सांगितलं. तुमच्या हिशेबातले हजार जीव इथे कोणत्या रकान्यात मांडू?

उलट अबू झुबैदा, अमेरिकेने पकडलेला दुसरा संशयित. खालिद शेख मोहम्मद हाच 9/11 चा सूत्रधार, हे त्याने एफबीआयला एप्रिल 2002 मध्ये सांगितलं, जखमी अवस्थेत, साध्या बोलण्यात. सीआयएने त्याच्या तोंडावर 83 वेळा पाणी ओतलं ते ऑगस्टमध्ये. सीआयएच्या चौकशांवरच्या अमेरिकी सिनेटच्या अहवालात आहे हे.

खडूसकाका:
आला अहवालांचा गठ्ठा. तुमचा तो सिनेटचा अहवाल एकाच पक्षाच्या लोकांनी लिहिलाय, ते नाही सांगितलंत. टेनेट, गॉस, हेडन या सीआयएच्या तीन माजी संचालकांनी 2014 मध्येच जाहीर लिहिलं की या चौकशीचा उपयोग झाला. ते खोटे आणि अतिरेकी खरे? बरं, पाण्याचं सोडा. झोपू न देणं हासुद्धा म्हणे छळ! आमच्या मुलीने पहिले पाच महिने आम्हाला झोपू दिलं नाही. आम्ही गेलो का कुठे तक्रार घेऊन?

वैशाखी:
"आम्हाला"? काका, रात्री उठत कोण होतं?

मुद्देसूद:
मूळ मुद्द्यावर येऊ या. अर्धविराम सोयीचीच उदाहरणं देतायत. फ्रँकफर्ट, 2002. 11 वर्षांच्या मुलाचं अपहरण. पोलीस उपप्रमुख डॅश्नर यांनी आरोपीला फक्त छळाची धमकी द्यायला लावली, हात न लावता. त्याने मुलाची खरी जागा सांगितली. पुढे डॅश्नर दोषी ठरले, पण शिक्षा काय, तर दंड, तोही स्थगित. म्हणजे न्यायालयालाही त्यांची अडचण कळली होती.

अर्धविराम:
हो, तिथे खरं निघालं. घ्या, एक गुण तुम्हाला. तो मुलगा आधीच मेलेला होता हे लिहायला जागा पुरली नाही का? टिकटिकणारा बॉम्ब म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवता, तो तिथे कधीच फुटून गेला होता.

मुद्देसूद:
पोलिसांना ते तेव्हा माहीत नव्हतं. नंतरच्या अकलेने भांडणं सोपं असतं.

शब्दवेडा:
या छळाला सीआयएने दिलेल्या गोंडस नावाचं भाषांतर करतात, "वर्धित चौकशी तंत्र". हे मराठी आहे का हो? वर्धित काय, पगार आहे? छळाला छळ म्हणा, मग दोन्ही बाजूंनी खुशाल भांडा.

जाग्या:
काकांच्या झोपेवर बोलतो. मी 19 वर्षं रात्रपाळी केली. एकदा बदली माणूस आला नाही म्हणून सलग तीन रात्री उभा होतो. तिसऱ्या पहाटे यंत्रामागे माझा भाऊ उभा दिसला. तो जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मला भीतीही वाटली नाही, मी त्याच्याकडे पाना मागितला. त्या रात्रीचे आकडे नोंदवहीत माझ्याच अक्षरात आहेत, सुवाच्य, दर अर्ध्या तासाला. एकही खरा नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा मी शपथेवर सांगत होतो की काटा पाहूनच लिहिलं. मी खोटं बोलत नव्हतो, हे लक्षात घ्या. सिनेटच्या अहवालात 180 तासांपर्यंत जागं ठेवल्याचं आहे, बहुतेकदा उभं करून, कधी हात डोक्यावर साखळीने बांधून. साडेसात दिवस. मी तिसऱ्यातच गेलो होतो.

वैशाखी:
जुळी झाली तेव्हा मी एका पहाटे उशीला पाजत बसले होते. थोपटतही होते. आजही आठवलं की पोटात गोळा येतो. आणि काका, उत्तर राहिलं.

खडूसकाका:
इथे देशांची सुरक्षा चाललीय आणि तुम्ही दुपट्यांवर आलात! अतिरेक्यांना बाळांच्या पंगतीत बसवताय. लाज वाटू द्या थोडी.

अर्धविराम:
पंगत तुम्हीच मांडलीत, काका. आणि "अतिरेकी" कोण ते ठरवलं कोणी? त्याच अहवालात 119 कैद्यांपैकी किमान 26 जण चुकीने डांबलेले निघाले. त्यातला गुल रहमान नोव्हेंबर 2002 मध्ये गारठून मेला, उघड्या फरशीवर, साखळीत, कमरेखाली कपडे नसताना. त्याच्याकडे खाण नव्हतीच. किती खणणार होतात?

खडूसकाका:
चुका होतात. युद्धात होतातच. म्हणून काय त्यांना चहा-बिस्किटं द्यायची?

अर्धविराम:
द्यायची! एफबीआयच्या अली सुफानने बिन लादेनच्या एका माजी अंगरक्षकाला बिस्किटंच दिली होती. तो मधुमेही, म्हणून बिनसाखरेची. त्यानंतर तो भडाभडा बोलायला लागला.

मुद्देसूद:
एका बिस्किटावर धोरण ठरवायचं असेल तर मग एका धमकीवर का नको? दोघेही एकेक किस्साच दाखवताय.

अर्धविराम:
बरोबर. चिडून लिहिलं. पण माझा किस्सा चुकला तर एक पुडा वाया जातो. तुमचा चुकला तर?

खडूसकाका:
वाक्यं छान करता. बॉम्ब तुमच्या दाराशी असता तर बघितलं असतं. आणि वैशाखीताई, हो, ती उठायची. मी दोनदा उठलो होतो. समाधान?

वैशाखी:
पाच महिन्यांत दोनदा! तेही न बुडवता कबूल केलंत.

खडूसकाका:
जाग्याभाऊ, एक विचारू? चेष्टा नाही. भावाने पाना दिला का?

जाग्या:
दिला. नोंदवहीत लिहिलंय, वेळेसकट.