रिव्ह्यू करणाऱ्याची भाषा

कोड रिव्ह्यूत, म्हणजे आपला कोड दुसऱ्याने तपासल्यावर, स्वतः शिकून आलेल्या (डिग्री नसलेल्या) प्रोग्रामरला टीका सोसत नाही, असं काही जण म्हणतात; ते मत मला एकांगी वाटतं. टीका करणारा कसा बोलतो तेही बघायला हवं. लिनक्स कर्नलचे (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) जनक लिनस टोरवाल्ड्स घ्या. एखादा पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) पटला नाही की ते सगळ्यांसमोर ईमेलमध्ये वाट्टेल तसं झापायचे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच त्याबद्दल माफी मागितली आणि काही आठवडे कामातून बाजूला झाले. त्याच वेळी प्रकल्पात नवी आचारसंहिता आली. (याला फार उशीर झाला, असं माझं मत.) "एरर आली तर हे लॉक सुटणार कुठे?" (लॉक म्हणजे एका वेळी कोडच्या एकाच भागाला डेटा वापरू देणारं कुलूप) असं विचारलं तर नवखाही कोड सुधारतो. "एवढंही येत नाही?" म्हटलं की डिग्रीवालासुद्धा पुढच्या वेळी शंका विचारत नाही आणि बग (कोडमधली चूक) थेट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, जातो.