मदत हवी आहे : म्युनिकहून साल्झबुर्ग, शनिवार-रविवार

कोल्हापूरकर मंडळी, म्युनिकला शिकणारी आम्ही पाचजणं ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला निघतोय. दोघांचं डॉइचलांड-तिकीट (जर्मनीभर लोकल-रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास) साल्झबुर्ग स्टेशनापर्यंत चालतं. उरलेल्या तिघांत एक बायर्न-तिकीट, म्हणजे बायर्न राज्यातल्या रिजनल गाड्यांचं सामायिक तिकीट. ते एका दिवसापुरतं, म्हणून रविवारी दुसरं. रेलजेट या लांब पल्ल्याच्या जलद गाडीत दोन्ही तिकिटं चालत नाहीत, रिजनल गाडीच धरायची. सीमेवर तपासणी होते, तेव्हा पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट मूळ घेणारच.

अडलंय ते साल्झबुर्ग कार्डापाशी (प्रेक्षणीय स्थळांचा प्रवेश आणि शहरातल्या बसचा पर्यटक पास). त्याचे २४ तास पहिल्या वापरापासून मोजतात. शनिवारी दुपारी किल्ला आणि मोझार्टचं जन्मघर, रविवारी सकाळी बसनं उंटर्सबर्ग डोंगराचा रोपवे, एवढं एकाच कार्डात बसेल का? वर ढग असले तर काहीच दिसत नाही, मग रोपवे शनिवारीच उरकावा का? जाऊन आलेल्यांनी सांगा की राव!